रोजच्या वहीचें नांव

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय वरवर पाहतां अगदींच रुक्ष वाटेल. संगणक आपल्या दिवसभराच्या कामाची नोंद ज्या वह्यांत करून ठेवतो, त्या वह्यांच्या नांवांत तारीख कशी आली, आणि त्या वह्यांवर नजर ठेवण्यासाठीं नेमलेल्या दुसऱ्या आज्ञावलीला तें नांव ओळखावयास कसें शिकवावें लागतें, एवढाच तो विषय आहे. परंतु या लहानशा प्रश्नाच्या पोटांत एक मोठा प्रश्न दडलेला आहे, आणि तो आपल्या दप्तरखान्यांइतका जुना आहे. लिहिलेली गोष्ट वेळीं सांपडली नाहीं, तर ती लिहिली काय आणि न लिहिली काय, सारखेंच. ती सांपडावयाची तर कागदावरील तारखेचा अर्थ लिहिणाऱ्याला आणि शोधणाऱ्याला एकच कळला पाहिजे. हें साधें सूत्र मोडल्यामुळें काय घडतें, हेंच आज मला आपल्यापुढें मांडावयाचें आहे.

संगणकाच्या या वहीला इंग्रजींत ‘लॉग’ म्हणतात. लॉग म्हणजे लांकडाचा ओंडका. वहीचा आणि ओंडक्याचा संबंध काय, असें आपण विचाराल. तो संबंध समुद्रावर जुळला. शिडाच्या जहाजाचा वेग मोजण्यासाठीं खलाशी दोरीला बांधलेला लांकडाचा तुकडा मागें पाण्यांत सोडीत. तुकडा पाण्यावर स्थिर राही, जहाज पुढें जाई, आणि दोरी उलगडत जाई. विल्यम बोर्न नांवाच्या इंग्रज ग्रंथकारानें १५७४ सालीं या रीतीचें वर्णन छापून ठेवलें आहे. पुढें दोरीला ठराविक अंतरावर गांठी मारण्याची चाल पडली. ४७ फूट ३ इंचांवर एक गांठ, आणि वेळ मोजावयास २८ सेकंदांची वाळूची घटिका, असें प्रमाण रूढ झालें. घटिका रिकामी होईपर्यंत जितक्या गांठी हातांतून निसटतील तितका वेग. म्हणूनच जहाजाचा वेग आजही ‘नॉट’ म्हणजे गांठींत सांगतात. हे आंकडे ज्या वहींत लिहीत, तिला ओंडक्याची वही, लॉग-बुक, असें नांव पडलें. पुढें वारा, दिशा, मृत्यु, बंड, तोफांचा मार, सारेंच तींत येऊं लागलें. ओंडका गेला, नांव मात्र राहिलें.

या जहाजी वह्यांत तारखेचा एक विलक्षण घोटाळा होता. खलाशांचा दिवस मध्यरात्रीं बदलत नसे. सूर्य माथ्यावर आला म्हणजे तो बदले, कारण त्याच वेळीं उंची मोजून जहाजाचें स्थान ठरवीत. शिवाय तो दिवस जमिनीवरील दिवसाच्या बारा तास आधींच सुरू होई. म्हणजे किनाऱ्यावर ९ तारखेची दुपार चालू असतां जहाजाच्या वहींत १० तारीख लागलेली असे. ज्योतिषी लोकही मध्यान्हीपासूनच दिवस मोजीत, पण त्यांचा दिवस बारा तास उशिरा सुरू होई. त्यांच्या लेखीं ९ तारखेची सकाळ ही ८ तारीखच असे. ब्रिटिश आरमारानें ही चाल १८०५ सालीं सोडली. ज्योतिष्यांनीं ती १९२५ सालीं सोडली. जुन्या आरमारी रीतीनें २१ ऑक्टोबर १८०५ ची ट्रफाल्गारची दुपार २२ तारखेच्या सदराखालीं पडते. ही गोष्ट ज्या संशोधकाला ठाऊक नसेल, तो वही उघडील, २१ तारखेचें पान काढील, आणि त्या दुपारीं समुद्र शांत होता असें समजून वही मिटील. वही खोटी नव्हे, संशोधकही आळशी नव्हे. दोघांचा दिवस निराळा, इतकेंच.

आपल्या घरचें उदाहरण याहूनही बोलकें आहे. पेशव्यांच्या दप्तरांत रोजकीर्द ठेवीत. त्या दिवशीं काय आलें, काय गेलें, कोणास सनद झाली, कोणास आज्ञा गेली, याची ती दररोजची नोंद. संगणकाच्या लॉगला मराठी प्रतिशब्द शोधावयास आपणांस फार दूर जावयास नको. रोजकीर्द हा शब्द तयार आहे. त्या काळच्या कागदांवर सन बहुधा अरबी शब्दांत लिहीत: ‘इहिदे सबैन मया व अलफ’. इहिदे म्हणजे एक, सबैन म्हणजे सत्तर, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार, एकूण ११७१. त्यांत ५९९ किंवा ६०० मिळविले कीं इसवी सन येतो. ५९९ कीं ६०० हा प्रश्न कां, तर हें वर्ष मृगनक्षत्रीं सूर्य येतांच बदले, जानेवारींत नव्हे. शेतकऱ्याला तें सोयीचें होतें, कारण त्याचें वर्ष मृगापासूनच सुरू होतें. पण परक्या पंचांगानें शोधणाऱ्याला मात्र तें चकवितें.

त्याहून मोठी अडचण खासगी व राजकारणी पत्रांची. पुष्कळ पत्रांवर ‘छ १२ रजब’ एवढीच मिती असते. ‘छ’ म्हणजे चंद्र. रजब महिन्याचा बारावा चंद्र. सनाचा उल्लेखच नाहीं. लिहिणाऱ्याला त्याची गरज वाटली नाहीं, कारण पत्र आठपंधरा दिवसांत पोंचावयाचें, आणि चालू वर्ष कोणतें हें वाचणाऱ्यास ठाऊक होतें. त्याच्या मनांत दीडशें वर्षांनंतरचा वाचक नव्हता. पुढें गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या देखरेखीखालीं १९३० ते १९३४ या काळांत पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. अशा कामांत संशोधकाचें केवढें तरी बळ वर्ष ठरविण्यांतच खर्च होतें. पत्रांत वार दिला असेल तर जंत्री काढून पाहावयाचें कीं, कोणत्या वर्षीं रजबचा बारावा चंद्र त्या वारीं पडला. वार नसेल तर मजकुरांतील लढाया, लग्नें, मृत्यु यांवरून अटकळ बांधावयाची. मुसलमानी वर्ष सुमारें ३५४ दिवसांचें. म्हणून तोच रजब कधीं पावसाळ्यांत येतो, कधीं हिंवाळ्यांत, आणि पत्रांत नदीला पूर आल्याचा उल्लेख असेल तर तोही साक्षीदार होतो. एक आंकडा लिहिण्याचा आळस, आणि त्याची भरपाई करण्यास विद्वानांचीं आयुष्यें!

आतां आपण संगणकाकडे वळूं. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९६९ सालीं केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं युनिक्स ही व्यवस्था रचावयास आरंभ केला. तिच्या १९७१ सालच्या पहिल्या माहितीपुस्तकांत काळ हा सेकंदाच्या साठाव्या भागांत मोजलेला आहे, आणि आरंभबिंदु आहे १ जानेवारी १९७१. या हिशेबानें आंकडा ठेवावयाची जागा अडीच वर्षांच्या आंतच भरून जाई. म्हणून पुढें एकेक सेकंद मोजावयाचें ठरलें व आरंभ १ जानेवारी १९७० धरला. हाच शक आज जगांतील बहुतेक यंत्रें चालवितात. ज्या जुन्या यंत्रांत हा आंकडा ३२ स्थानांत मावविला आहे, त्यांत तो १९ जानेवारी २०३८ या दिवशीं संपतो. शककर्ता कितीही कुशल असो, आपला शक किती काळ चालेल याचा अंदाज त्याला क्वचितच येतो.

पुढें कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेंत एरिक ऑलमन यांनीं १९८० नंतरच्या दशकांत, टपाल वाहणाऱ्या आपल्या आज्ञावलीच्या सोयीसाठीं, ‘सिसलॉग’ नांवाची व्यवस्था केली. निरनिराळ्या आज्ञावलींनीं आपापल्या नोंदी हिच्या हवालीं कराव्या, आणि हिनें त्या योग्य त्या वहींत लिहाव्या, अशी ती योजना. जणुं एका कचेरीला एक चिटणीस मिळाला. ती इतकी सोयीची ठरली कीं सर्वत्र पसरली. परंतु तिच्या ओळीच्या आरंभीं काय लिहिलेलें असे? महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद, वर्ष नाहीं. ‘छ १२ रजब’ लिहिणाऱ्या कारकुनाचीच ही चूक, तेंच कारण, आणि तीच निष्पाप खात्री कीं चालू वर्ष सर्वांना ठाऊकच आहे. ही रीत २००१ सालीं लेखी नोंदविली गेली, तेव्हांही तींत वर्ष नव्हतें. २००९ सालच्या नव्या नियमानें तें आलें. तोंवर ३१ डिसेंबरच्या रात्रीची नोंद १ जानेवारीच्या सकाळीं वाचणाऱ्या यंत्राला ती गेल्या वर्षाची कीं येणाऱ्या डिसेंबरची, हें अनुमानानेंच ठरवावें लागे.

या वह्यांचें महत्त्व काय, हें १९८६ सालीं बर्कलीच्याच एका प्रयोगशाळेंत दिसून आलें. तेथें क्लिफर्ड स्टोल नांवाचा ज्योतिषी संगणकाचें काम पाहूं लागला होता. यंत्राच्या वापराच्या हिशेबांत ७५ सेंटांची तूट आली; ती शोधण्याचें काम त्याजकडे आलें. दोन निरनिराळ्या वह्यांचा मेळ बसत नव्हता. ७५ सेंट सोडून देणें कोणालाही सोपें होतें. त्यानें सोडले नाहींत. नोंदींच्या मागोमाग तो महिनोन्‌महिने गेला, आणि अखेर जर्मनींतील हानोफर शहरांतून अमेरिकेच्या लष्करी यंत्रांत शिरून माहिती चोरणारा व ती रशियन हेरखात्यास विकणारा मनुष्य उघडकीस आला. वहींतील एक न जुळणारी ओळ आणि ती वाचणारा एक हट्टी मनुष्य, एवढ्यावर हें सारें प्रकरण उभें आहे.

परंतु स्टोलसारखा मनुष्य प्रत्येक कचेरींत रात्रंदिवस बसून राहूं शकत नाहीं, आणि वह्या तर घटकेघटकेला हजारों ओळींनीं वाढतात. म्हणून वही वाचण्याचें कामही यंत्रालाच सांगावें, ही कल्पना निघाली. १९९३ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठांतील स्टीफन हॅन्सन व टॉड ॲट्किन्स यांनीं ‘स्वॉच’ नांवाची अशी आज्ञावली जाहीर केली. तिला वही दाखवावयाची, कोणत्या शब्दांवर लक्ष ठेवावयाचें तें सांगावयाचें. तो शब्द दिसतांच ती धन्याला कळवी. हा पहिल्या पिढीचा पहारेकरी. २००९ च्या सुमारास जॉर्डन सिसेल यांनीं सुरू केलेली ‘लॉगस्टॅश’ ही त्याच कुळांतील पुढची पिढी.

आतां पहारेकऱ्याला वही दाखवावयाची कशी, हाच आपला मुख्य प्रश्न. वही एकच असती तर प्रश्न उद्भवला नसता. परंतु एकच वही वर्षभर चालविली तर ती इतकी जाड होते कीं उघडतांही येत नाहीं आणि यंत्रांतील जागा खाऊन टाकते. म्हणून ठराविक काळानें जुनी वही बाजूस सारून नवी सुरू करावी लागते. याच्या दोन रीती पडल्या. पहिल्या रीतींत चालू वहीचें नांव कधींच बदलत नाहीं. जुनीला पुढें एक, तिच्या आधींचीला दोन, असे आंकडे लागत जातात. यांत पहारेकऱ्याची सोय होते, पण आज जी ‘एक’ ती उद्यां ‘दोन’ होते, आणि कोणता आंकडा कोणत्या दिवसाचा हें बाहेरून कळत नाहीं. दुसऱ्या रीतींत प्रत्येक वहीच्या नांवांतच तिची तारीख असते. टॉमकॅट नांवाची प्रसिद्ध आज्ञावली रोज मध्यरात्रीं त्या दिवसाच्या तारखेची नवी वही उघडते. संशोधकाला ही रीत उत्तम. अमुक दिवशीं काय झालें, तर त्या दिवसाची वही काढा. पण पहारेकऱ्याला ती कठीण, कारण त्याला जिच्यावर पहारा करावयाचा त्या वस्तूचें नांव रोज रात्रीं बदलतें.

येथें मला स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. पुष्कळ वर्षांमागें एका कचेरींत रात्रीं सर्व कागदपत्रांची नक्कल करून ठेवणारी एक आज्ञावली होती, आणि तिच्या वहीवर पहारेकरी बसविण्याचें काम मजकडे आलें. वहीच्या नांवांत तारीख होती. मीं पहारेकऱ्याला समोर दिसत असलेल्या वहीचें नांव देऊन टाकलें, मुद्दाम एक चुकीची ओळ लिहून पाहिली, धोक्याची सूचना तत्काळ आली, आणि मी समाधानानें घरीं गेलों. मध्यरात्रीं नवी वही सुरू झाली. पहारेकरी मात्र आदल्या दिवसाच्या मिटलेल्या वहीसमोर हात बांधून उभा राहिला. पुढें कांहीं दिवसांनीं नक्कल होणें बंद पडलें. तसें प्रत्येक रात्रीच्या वहींत स्पष्ट लिहिलेलें होतें. तीन आठवड्यांनीं मूळ तबकडीच बिघडली, आणि त्या काळांतील कोणाचेंही काम परत मिळालें नाहीं. वहीनें आपलें कर्तव्य केलें होतें. पहारेकऱ्यानेंही सांगितलेलें अक्षरशः पाळलें होतें. चूक सांगणाऱ्याची, म्हणजे माझी होती. त्या कचेरींतील एका वृद्ध लेखनिकानें मला एवढेंच विचारलें, “पण तुमचा पहारेकरी कांहींच कसा बोलला नाहीं?” त्या प्रश्नाचें उत्तर द्यावयास मी पुढें पुष्कळ शिकलों.

पहिली गोष्ट म्हणजे नांवाऐवजीं नांवाचा नमुना देणें. युनिक्सच्या १९७१ सालच्या व्यवस्थेंतच ‘ग्लॉब’ नांवाची सोय होती: नांवांत तारका घातली तर तिच्या जागीं कोणतींही अक्षरें चालतात, आणि प्रश्नचिन्ह घातलें तर कोणतेंही एक अक्षर चालतें. तेव्हां तारखेच्या जागीं तारका घालावी, म्हणजे काम झालें, असें वाटतें. पण येथें एक बारीक मेख आहे. आज्ञा देतांना ही तारका बहुधा पहारेकऱ्यापर्यंत पोंचतच नाहीं. आज्ञा घेणारा दुभाषा त्या क्षणीं अस्तित्वांत असलेल्या वह्यांचीं नांवें तारकेच्या जागीं भरतो, आणि पहारेकऱ्याच्या हातीं तयार यादी देतो. उद्यां जन्मणारी वही त्या यादींत कोठून असणार? म्हणून नमुना हा अवतरणांत बांधून, न उलगडतां, खुद्द पहारेकऱ्याच्या स्वाधीन केला पाहिजे, आणि त्यानें तो दर कांहीं सेकंदांनीं नव्यानें ताडून पाहिला पाहिजे. आजच्या चांगल्या आज्ञावली तसें करतात. परंतु आपली तसें करते कीं नाहीं, हें पाहिल्यावांचून मानूं नये.

दुसरी गोष्ट म्हणजे नमुन्याची रुंदी. तारका फार उदार आहे. चालू वहीबरोबर ती गेल्या वर्षाच्या वह्या, दाबून लहान केलेल्या वह्या, कोणी हातानें काढलेल्या नकला, सर्वांनाच आंत घेते. मग जुन्या चुका नव्या म्हणून वाजूं लागतात, आणि खोट्या हाकेला कंटाळून लोक खऱ्या हाकेकडेही पाहीनासे होतात. यावर उपाय अधिक कांटेकोर भाषेचा. स्टीफन क्लीनी या गणितज्ञानें १९५६ सालीं छापलेल्या एका निबंधांत तिचें बीज आहे, आणि थॉम्प्सन यांनीं १९६८ सालीं तिला संगणकांत उतरविलें. तींत असें सांगतां येतें कीं, आधीं वहीचें ठराविक नांव, मग चार अंक, एक रेघ, दोन अंक, पुन्हां रेघ, दोन अंक, मग ठराविक शेपूट, आणि त्यापुढें कांहींही नाहीं. हें शेवटचें ‘कांहींही नाहीं’ सांगावयास बहुतेक लोक विसरतात, आणि त्याच फटींतून दाबलेल्या जुन्या वह्या आंत शिरतात.

तिसरी रीत म्हणजे पहारेकऱ्याला घड्याळावरून आजच्या वहीचें नांव स्वतः बनवावयास सांगणें. यासाठीं तारखेच्या अक्षरखुणा असतात, आणि येथें तर भाषाभेदाचा कळस होतो. १९८९ सालीं प्रमाण ठरलेल्या सी भाषेंत मोठा ‘वाय’ म्हणजे चार अंकी वर्ष, लहान ‘वाय’ म्हणजे दोन अंकी. लहान ‘एम’ म्हणजे महिना, मोठा ‘एम’ म्हणजे मिनिट. जावा भाषेंत नेमकें उलट: मोठा ‘एम’ महिना, लहान ‘एम’ मिनिट. एकींतून दुसरींत गेलेला मनुष्य महिन्याच्या जागीं मिनिट लिहून बसतो, आणि वहीच्या नांवांत सदतिसावा महिना उगवतो. त्याहून फसवी गोष्ट ही कीं, जावांतील मोठा ‘वाय’ हा आठवड्यांवरून मोजलेलें वर्ष दाखवितो. बारा महिन्यांपैकीं बहुतेक दिवस तो साध्या वर्षाशीं जुळतो, म्हणून चूक ध्यानांतच येत नाहीं. परंतु ३० डिसेंबर २०२४ हा सोमवार २०२५ च्या पहिल्या आठवड्यांत मोडतो. म्हणून त्या दिवसाच्या वहीवर ३० डिसेंबर २०२५ अशी, पुरी एक वर्ष पुढची तारीख पडते. मृगाला बदलणारें वर्ष आणि जानेवारीला बदलणारें वर्ष यांची जी गल्लत, तीच ही.

चौथा प्रश्न मध्यरात्र कोणाची, हा. पुष्कळ यंत्रें जागतिक प्रमाण वेळेनें चालतात, आणि ती मध्यरात्र आपल्याकडे पहांटे साडेपांचला येते. मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस या सर्व्हरची वही मुळांत याच वेळेनें बदलते. स्थानिक वेळेनें बदलावी असें वेगळें सांगावें लागतें. शिवाय तिच्या नांवांत वर्षाचे शेवटचे दोनच अंक असतात. आतां पहारेकरी जर भारतीय वेळेनें नांव बनवीत असेल, तर रात्रीं बारापासून पहांटे साडेपांचपर्यंत तो जन्मालाच न आलेल्या वहीची वाट पाहत बसेल. आणि नकला, हिशेब, सफाई हीं सारीं कामें कचेऱ्या त्याच साडेपांच तासांत करतात! वेळेचा असा दुहेरी कारभार मुंबईकरांना तरी नवा नाहीं. १९०६ सालीं साऱ्या हिंदुस्थानासाठीं एकच प्रमाण वेळ ठरली, तरी मुंबईनें सुमारें ३९ मिनिटें मागें असलेली आपली वेळ पुढें कित्येक वर्षें सोडली नाहीं. भेट ठरविणाऱ्या दोघांनीं वेळ कोणती हें आधीं बोलून घ्यावें लागे; यंत्रांनाही तेंच लागू आहे.

पांचवा प्रश्न क्रमाचा. आपण दिवस, महिना, वर्ष असें लिहितों. अमेरिकन लोक महिना आधीं लिहितात. ०४-०५-२०२४ म्हणजे ४ मे कीं ५ एप्रिल, हें कागदावरून कळत नाहीं. १९८८ सालीं निघालेल्या आंतरराष्ट्रीय प्रमाणानें, ज्याचा क्रमांक ८६०१ आहे, वर्ष आधीं, मग महिना, मग दिवस असा क्रम ठरविला. त्यांत एक मोठी सोय आपोआप साधते: नांवें अक्षरक्रमानें लावलीं कीं तीं कालक्रमानेंही लागतात. सर्वांत मोठें घर आधीं, हा तर आपल्या अंकलेखनाचाच नियम. तारखेनें तो पाळावयास इतका उशीर लावला, एवढेंच नवल.

नांव जुळलें म्हणजे सारें झालें असेंही नाहीं. मध्यरात्रीं जुन्या वहींत शेवटच्या दोन ओळी पडत असतांच नवी वही उघडते. उतावळा पहारेकरी नवीकडे धांवतो, आणि त्या दोन ओळी कोणीच वाचीत नाहीं. म्हणून जुनी शेवटपर्यंत वाचून मगच तिला सोडावें, असें त्याला बजावावें लागतें. आपण कोणत्या वहींत कोठवर वाचलें, याची खूणही त्यानें जपून ठेविली पाहिजे; नाहींतर मध्यें वीज जाऊन परत आल्यावर तो एक तर सारें पुन्हां वाचील, किंवा मधलें सारें सोडून देईल. आणि ही खूण नांवावर ठेवून भागत नाहीं, कारण पहिल्या रीतींत वही तीच राहून नांव बदलतें. म्हणून कुशल आज्ञावली वहीचा आंतला क्रमांक ध्यानांत ठेवतात. जसें गांवांत माणसाचें टोपणनांव बदललें तरी सातबारावरचा मनुष्य तोच असतो.

श्रोतेहो, आतां त्या वृद्ध लेखनिकाच्या प्रश्नाकडे परत येऊं. पहारेकरी कांहींच कसा बोलला नाहीं? तो बोलला नाहीं, कारण त्याला फक्त वाईट दिसल्यावर बोलावयास सांगितलें होतें, आणि वाईट जेथें दिसतें तेथें तो पाहतच नव्हता. अशा पहारेकऱ्याचें मौन दोन अर्थांचें असतें: एक, सर्व कुशल आहे, दुसरा, मी आंधळा आहें. बाहेरून दोन्ही मौनें अगदीं सारखीं. जुन्या पेठांतून रात्रीं गस्त घालणारा रखवालदार चोर दिसल्यावरच ओरडत नसे. तो दर प्रहरीं आरोळी देत जाई, आणि झोंपेंत ती ऐकूनच लोक निर्धास्त कूस बदलीत. आरोळी आली नाहीं तर मात्र एखादा जाणता मनुष्य उठून बसे. यंत्राच्या पहारेकऱ्यालाही हीच शिस्त लावली पाहिजे. अमुक इतक्या मिनिटांत वहींत एकही नवी ओळ दिसली नाहीं, किंवा आजच्या तारखेची वहीच सांपडली नाहीं, तर तीच मोठी धोक्याची सूचना समजावी. आणि नवी व्यवस्था लावल्यावर तिची परीक्षा त्याच दुपारीं घेऊन समाधान मानूं नये. एक मध्यरात्र, एक महिनाअखेर, आणि शक्य असल्यास एक वर्षअखेर तिला ओलांडावयास लावावी. परीक्षेच्या यंत्राचें घड्याळ पुढें सारून हें पाहतां येतें.

जहाजावरील अधिकारी, पेशव्यांचे कारकून, आणि आजचे यंत्रज्ञ, या तिघांनींही वह्या प्रामाणिकपणें लिहिल्या. जेथें अनर्थ झाला तेथें तो लिहिण्यांत झाला नाहीं. लिहिणाऱ्याचा दिवस आणि शोधणाऱ्याचा दिवस एक नव्हता, म्हणून झाला. तारीख ही नुसती कागदाच्या कोपऱ्यांतील सजावट नव्हे. आपल्यामागून येणाऱ्या, आपल्याला न पाहिलेल्या माणसाला आपण दिलेलें तें वचन आहे कीं, तूं या दिवशीं ये, मी येथेंच सांपडेन. तें वचन पुऱ्या वर्षासह, स्पष्ट क्रमानें, आणि कोणत्या घड्याळाप्रमाणें हें सांगून द्यावें. त्या कचेरींतील तीन आठवड्यांचें काम मला परत देतां आलें नाहीं. पण तेव्हांपासून कोणत्याही पहाऱ्याची व्यवस्था लावली कीं मी दुसऱ्या दिवशीं सकाळीं पहिला प्रश्न एकच विचारतों: आज तूं कोणत्या तारखेची वही वाचीत आहेस?